पुरुषांचे दागिने आणि शरीअत : अंगठी घेण्यापूर्वी काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे

नागपुरात लग्नसराई सुरू झाली की इतवारीच्या सराफा बाजारात मोमिनपुरा, जाफरनगर, ताजबाग या भागांतली कुटुंबे नवरीच्या दागिन्यांसोबत नवरदेवासाठीही अंगठी किंवा साखळी पाहू लागतात. माझ्या धाकट्या भावाच्या मंगनीत (साखरपुड्यात) नवरीकडच्यांनी मोठ्या हौसेने सोन्याची अंगठी आणली होती. ती बोटात गेल्यावर, छायाचित्रे काढून झाल्यावर, मशिदीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितले की पुरुषाला सोने घालता येत नाही. पुढे ती अंगठी मोडताना घडणावळ गेली, कर गेला, आणि सोयऱ्यांचे मन दुखावले ते वेगळेच. मसला (धार्मिक नियमाचा प्रश्न) कुणाला ठाऊक नव्हता असेही नाही. तो विचारायचा राहून गेला होता. म्हणूनच हा लेख दुकानाची पायरी चढण्यापूर्वी वाचावा अशी माझी विनंती आहे. मुस्लिम वाचकांइतकाच तो मुस्लिम मित्राच्या लग्नात आहेर करू इच्छिणाऱ्यांना आणि आपल्याकडे येणारे मुस्लिम गिऱ्हाईक नेमके काय मागते आहे हे समजून घेऊ पाहणाऱ्या सराफांनाही उपयोगी पडावा.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी धातू पाहावा, मग दागिन्याचा प्रकार, मग वजन आणि खडा, आणि शेवटी तो कशासाठी व कसा घालायचा हे ठरवावे. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर पुढच्या प्रश्नांत वेळ घालवण्याचे कारण उरत नाही.

पहिली पायरी : धातू कोणता आहे?

सजणे हेच मुळात वाईट, असे इस्लाम म्हणत नाही. कुरआनच्या सातव्या सूरेतील ३२ वी आयत अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा हराम (निषिद्ध) ठरवली तरी कोणी, असाच प्रश्न विचारते. मात्र पुरुषांच्या बाबतीत सोन्याचा अपवाद हदीसींमध्ये (प्रेषितांच्या वचनांच्या व कृतींच्या नोंदींत) स्पष्टपणे आला आहे. हजरत अली यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका हातात रेशीम आणि दुसऱ्या हातात सोने घेऊन, या दोन्ही वस्तू माझ्या उम्मतीतील (अनुयायी समुदायातील) पुरुषांना हराम आहेत, असे सांगितले. ही हदीस अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत आहे. बुखारी या हदीससंग्रहातील कथनावरून असे दिसते की सुरुवातीला प्रेषितांनी स्वतः सोन्याची अंगठी घातली होती. लोकांनीही तशाच अंगठ्या करवून घेतल्या. नंतर त्यांनी ती काढून टाकली आणि लोकांनीही आपापल्या अंगठ्या टाकल्या.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील एक प्रसंग मला विशेष बोलका वाटतो. एका माणसाच्या हातात सोन्याची अंगठी पाहून प्रेषितांनी ती काढून फेकली आणि म्हटले की तुमच्यापैकी एखादा आगीचा निखारा उचलून आपल्या हातात धरतो. ते निघून गेल्यावर लोक त्या माणसाला म्हणाले की अंगठी उचलून घे आणि तिचा दुसरा काही उपयोग कर. त्याने उत्तर दिले की अल्लाहच्या प्रेषितांनी जी फेकली ती मी कधीही उचलणार नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ती उचलून विकणे त्याला मना नव्हते. लोकांचा सल्ला चुकीचा नव्हता. पुरुषाला मना आहे ते सोने अंगावर घालणे. सोने बाळगणे, त्याचा व्यापार करणे, ते पत्नीला, आईला किंवा मुलीला देणे यांना बंदी नाही.

सोन्याच्या बाबतीत चारही सुन्नी मजहब (हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली हे विचारपंथ) आणि शिया जाफरी फिकह (धर्मशास्त्र) यांचा निष्कर्ष एकच आहे. जाफरी फिकहनुसार तर पुरुषाने सोने अंगावर ठेवून केलेली नमाजही ग्राह्य होत नाही; हनफी मतानुसार नमाज होते, पण घालण्याचा गुन्हा राहतो आणि नमाजेला कराहत (अप्रशस्तपणा) येते.

खरी गफलत होते ती पांढऱ्या सोन्यात. ‘व्हाइट गोल्ड’ या नावाने मिळणारी अंगठी चांदीसारखी दिसते म्हणून ती चालत असावी, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते सोन्यात पॅलेडियम किंवा निकेलसारखा धातू मिसळून केलेले मिश्रण असते, आणि वरून बहुधा ऱ्होडियमचे पाणी दिलेले असते. १८ कॅरेटच्या अशा अंगठीवर ७५० हा आकडा कोरलेला असतो, म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोने. रंग बदलल्याने हुकूम (धार्मिक निर्णय) बदलत नाही. दुकानात विचारताना ‘हे पांढरे आहे का’ असे न विचारता ‘यात सोने किती आहे’ असे विचारावे आणि शिक्का भिंगातून स्वतः पाहावा. सोन्यावर ९१६, ७५०, ५८५ असे आकडे आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो. चांदीवर बहुधा ९२५ असते. प्लॅटिनमवर ९५० सोबत त्या धातूचे आद्याक्षर असते.

चांदी ९२५ म्हणजे त्यात साडेसात टक्के तांबे वगैरे मिसळलेले असते. त्याने काही बिघडत नाही, कारण हनफी फिकहमध्ये मिश्रणातील जो धातू अधिक, त्याचा हुकूम लागतो. याच नियमाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की ९ कॅरेटमध्ये सोने ३७५ भागच आहे, मग ती अंगठी चालावी. हनफी वाचकाने या वाटेला जाऊ नये. सोने कमी आहे असे मानले, तरी उरलेला मोठा भाग चांदीचाच असतो असे नाही. त्यात तांबेही असते, आणि त्या मजहबात तांब्याच्या अंगठीलाही परवानगी नाही.

चांदीवर सोन्याचे पाणी दिलेल्या अंगठीविषयी फिकहच्या ग्रंथांत बारीक चर्चा आहे. वितळवल्यावर ज्यातून सोने वेगळे काढता येत नाही, अशा मुलाम्याला स्वतंत्र सोने मानू नये, असे मत आढळते. तरीही माझा सल्ला असा की अंगठीच्या बाबतीत ही सवलत वापरू नये. पाहणाऱ्याला ती सोन्याचीच वाटते, प्रत्येकाला खुलासा करीत बसावे लागते, आणि घरातला लहान मुलगा तिच्याकडे पाहून चुकीचे शिकतो.

चांदी सोडून इतर धातू

येथे मजहबांमध्ये खरा मतभेद आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे घराघरांत वाद होतात. अबू दाऊदमध्ये हजरत बुरैदा यांची हदीस आहे. पितळेची अंगठी घालून आलेल्या माणसाला प्रेषितांनी मूर्तींचा गंध येतो असे म्हटले, तो लोखंडाची घालून आला तेव्हा तिला नरकवासीयांचा अलंकार म्हटले, आणि मग कशाची करू असे त्याने विचारल्यावर सांगितले की चांदीची कर, पण तिचे वजन पुरा एक मिस्काल (वजनाचे जुने माप) होऊ देऊ नकोस. हनफी फिकहची भूमिका या हदीसवर उभी आहे : पुरुषासाठी अंगठी चांदीचीच, लोखंड, पितळ, तांबे, पोलाद यांची नव्हे. याच न्यायाने भारतातील बहुतेक हनफी मुफ्ती (धार्मिक निर्णय देणारे विद्वान), मग ते देवबंदी परंपरेचे असोत वा बरेलवी, प्लॅटिनमच्या अंगठीलाही परवानगी देत नाहीत.

शाफई मजहबातील इमाम नववी यांनी मात्र ही हदीस कमकुवत मानली आणि लोखंडाच्या अंगठीला मुभा दिली. त्यांचा आधार बुखारी व मुस्लिममधील तो प्रसंग आहे, ज्यात निकाह करू पाहणाऱ्या एका गरीब माणसाला मेहेरसाठी (वराने वधूला द्यायच्या देणगीसाठी) ‘शोध, लोखंडाची अंगठी का असेना’ असे प्रेषितांनी सांगितले होते. आपल्या महाराष्ट्रात हा मतभेद केवळ पुस्तकी नाही. विदर्भातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत आणि कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत. रत्नागिरीची सोयरीक नागपुरात झाली आणि जावयाच्या बोटात प्लॅटिनमची अंगठी दिसली, तर सासरच्यांनी लगेच भुवया उंचावू नयेत; त्याच्या मजहबात तिला वाव असू शकतो. जाफरी फिकहमध्येही प्लॅटिनम सोन्यात मोडत नाही, म्हणून ते चालते. आपण कोणत्या मजहबाचे आहोत ते आधी ठरवावे आणि त्यावर टिकून राहावे. सोयीप्रमाणे आज एक मत, उद्या दुसरे मत उचलणे हे दीनशी (धर्माशी) प्रामाणिक नाही.

दुसरी पायरी : दागिना कोणत्या प्रकारचा आहे?

धातू चांदीचा असला म्हणजे सगळे दागिने मोकळे झाले, असा समज तरुणांमध्ये फार पसरला आहे. हनफी मतानुसार पुरुषाला अलंकार म्हणून मुभा आहे ती मुख्यतः अंगठीची. जुन्या ग्रंथांत तिच्यासोबत तलवारीवरील चांदीकाम आणि कमरपट्टा यांचा उल्लेख येतो. गळ्यातली साखळी, गोफ, हातातले कडे, ब्रेसलेट, कानातली बाळी हे चांदीचे असले तरी त्या मुभेत बसत नाहीत. याचे कारण बुखारीतील हजरत इब्ने अब्बास यांच्या हदीसमध्ये आहे : स्त्रियांचे अनुकरण करणाऱ्या पुरुषांवर आणि पुरुषांचे अनुकरण करणाऱ्या स्त्रियांवर प्रेषितांनी लानत (धिक्कार) केली. मराठी मुलखात भिकबाळी हा पुरुषांचाच दागिना मानला गेला आहे, मग तिच्यात स्त्रियांचे अनुकरण कुठे आले, असा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला होता, आणि तो रास्त आहे. पण भिकबाळी परंपरेने सोन्याची आणि मोत्यांची, म्हणून ती पहिल्याच पायरीवर अडते. आणि चांदीची केली तरी हनफी फिकह पुरुषाला कानातल्या दागिन्याची मुभा देत नाही.

मन्नतीच्या (नवसाच्या) दागिन्यांबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. मूल जगावे म्हणून मुलाचा कान टोचून त्यात बाळी घालायची, किंवा एखाद्या दरगाहच्या नावाने हातात कडे घालायचे आणि ठरावीक वर्षांनी उतरवायचे, ही चाल अनेक घरांत आहे. त्यामागची आईची तळमळ खरी असते, त्यामुळे तिच्याशी कठोरपणे बोलू नये. परंतु जे काम शरीअतीत नाजायज (निषिद्ध) आहे, त्याची मन्नत पुरी करणे बंधनकारक नसते. हजरत आएशा यांच्याकडून बुखारीत आलेली हदीस सांगते की ज्याने अल्लाहच्या अवज्ञेची मन्नत मानली असेल, त्याने ती अवज्ञा करू नये. बाळी उतरवल्याने मुलावर संकट येईल ही भीती मनातून काढून टाकावी, आणि मन्नतीच्या शब्दांबद्दल शंका असेल तर मुफ्तींना ते शब्द जसेच्या तसे सांगून विचारावे.

लहान मुलांच्या बाबतीतही मतभेद आहे. हनफी मतानुसार मुलग्याला सोने घालणे नाजायज, आणि त्याचा दोष मुलावर नसून घालणाऱ्या मोठ्यांवर येतो. शाफई मजहबात वयात येईपर्यंत सवलत आहे. बारशाला किंवा अकीक्याला (मुलाच्या जन्मानंतरच्या कुर्बानीच्या विधीला) आलेली सोन्याची अंगठी हनफी घरात मुलाच्या नावाने जपून ठेवावी. ती मुलाची मालमत्ता आहे, तेव्हा आईवडिलांनी ती दुसऱ्याला देऊन टाकू नये.

घड्याळ हा वस्तुतः दागिना नव्हे. तरीही सोन्याची केस किंवा सोन्याचा पट्टा असलेले घड्याळ पुरुषाला चालत नाही. स्टीलच्या पट्ट्याला देवबंदी मुफ्ती सामान्यतः परवानगी देतात. बरेलवी परंपरेतील अनेक मुफ्ती धातूच्या पट्ट्याऐवजी चामड्याचा पट्टा घ्यावा असे सांगतात. शेरवानीची बटणे हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. कपड्याला लावलेली सोन्याची बटणे कपड्याचाच भाग मानून हनफी ग्रंथांनी त्यांना मुभा दिली आहे; मात्र बटणांना जोडणारी सोन्याची किंवा चांदीची साखळी असेल तर ती टाळण्यास सांगितले जाते. जरीकाम चार बोटे रुंदीपर्यंत चालते. हे माप रेशमाविषयीच्या हजरत उमर यांच्या कथनातून आले आहे.

उपचारासाठी सोने लागलेच, तर त्याचा हुकूम वेगळा आहे. अरबस्तानातील कुलाबच्या लढाईत नाक गमावलेल्या हजरत अरफजा यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. दाताच्या डॉक्टरांनी खरोखर गरज म्हणून सोने सुचवले, तर या प्रसंगाचा आधार आहे. हौसेने दातावर चढवलेल्या सोन्याला तो लागू करू नये.

तिसरी पायरी : वजन आणि खडा

वर आलेल्या हदीसमधील ‘एक मिस्कालपेक्षा कमी’ या मर्यादेचे आपल्याकडचे माप साडेचार मासे, म्हणजे ४.३७४ ग्रॅम असे धरले जाते. बारा माशांचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्यावरून हा हिशेब येतो. मालिकी मजहबात दोन दिरहमांच्या (चांदीच्या जुन्या नाण्यांच्या) वजनाची मर्यादा आहे, तर शाफई मजहबात ठरावीक आकडा नसून आपल्यासारख्या लोकांत जे वजन अतिरेकी समजले जात नाही, ते चालते.

मर्यादा चांदीच्या वजनाला आहे, खड्याच्या वजनाला नाही. म्हणून तयार अंगठी तोलून आकडा काढू नये. कारागिराला खडा बसवण्यापूर्वी नुसता घाट (खड्याविना अंगठी) काट्यावर ठेवायला सांगावे. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. घाट चार ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले, तर पुढे माप वाढवताना टाका द्यावा लागला तरी मर्यादा ओलांडली जात नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात बोटे सुजल्यासारखी होतात आणि हिवाळ्यात घेतलेली अंगठी मे महिन्यात रुतू लागते. माप शक्यतो दुपारी द्यावे.

हनफी ग्रंथांत एक अंगठी आणि तिला एक खडा असा प्रघात सांगितला आहे. बरेलवी मुफ्ती खडा नसलेल्या नुसत्या छल्ल्याला पुरुषासाठी परवानगी देत नाहीत. तेव्हा साखरपुड्यासाठी साधा पट्टीचा छल्ला घेणाऱ्याने आपल्या मुफ्तींना आधी विचारावे. खडा कोणताही चालतो : अकीक, फिरोजा, याकूत. प्रेषितांच्या चांदीच्या अंगठीचा खडा हबशी (अ‍ॅबिसिनियाचा) होता, असे हजरत अनस यांनी सांगितले आहे; त्यांच्याच दुसऱ्या कथनात खड्याची जागाही चांदीचीच असल्याचे येते. जाफरी परंपरेत अकीक आणि फिरोजा यांना विशेष महत्त्व आहे.

ताजबागेच्या परिसरात असो वा इतवारीत, खडा विकणारा त्याचे ‘फायदे’ सांगू लागला की सावध व्हावे. खडा सुंदर आहे म्हणून घालणे वेगळे, आणि हा खडा माझे कर्ज फेडील, नजर उतरवील, नशीब उघडील असे मानून घालणे वेगळे. नफा आणि नुकसान अल्लाहच्याच हाती आहे, या श्रद्धेला दुसऱ्या प्रकाराने धक्का लागतो, आणि तो धक्का अर्ध्या ग्रॅम जादा चांदीपेक्षा फार मोठा आहे.

चौथी पायरी : कशी घालावी

प्रेषितांनी अंगठी करवली ती गरजेपोटी. इ.स. ६२८ च्या सुमारास आसपासच्या राजांना पत्रे पाठवायची होती, आणि शिक्का नसलेले पत्र ते स्वीकारत नाहीत असे सांगण्यात आले. तेव्हा ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ ही अक्षरे तीन ओळींत कोरलेली चांदीची अंगठी तयार झाली. पुढे ती हजरत अबू बक्र, हजरत उमर आणि हजरत उस्मान यांच्याकडे क्रमाने आली आणि हजरत उस्मान यांच्या काळात अरीस नावाच्या विहिरीत पडून हरवली. म्हणूनच हनफी फकीह (धर्मशास्त्रज्ञ) म्हणतात की ज्याला शिक्क्याची गरज नाही, त्याने अंगठी न घालणे अधिक चांगले. घातली तर गुन्हा नाही.

उजवा आणि डावा, दोन्ही हातांत घातल्याच्या हदीसी आहेत. बोट करंगळी असावे. तर्जनी आणि मधले बोट यांत घालण्यापासून रोखल्याचे हजरत अली यांचे कथन सहीह मुस्लिममध्ये आहे. पुरुषाने खडा तळहाताकडे वळवून ठेवावा. अंगठीवर अल्लाहचे नाव किंवा आयत कोरलेली असेल, तर शौचालयात जाण्यापूर्वी ती काढून ठेवावी. वुजू (नमाजपूर्वी हात-तोंड-पाय धुणे) करताना अंगठी घट्ट असेल तर ती फिरवून खाली पाणी पोहोचवणे आवश्यक आहे. सैल असेल तर फिरवणे चांगले.

मंगनीत नवरा-नवरीने एकमेकांच्या बोटात अंगठी घालणे टाळावे, कारण निकाहपूर्वी ते एकमेकांसाठी परकेच असतात. नवरीला सासूने आणि नवरदेवाला घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने अंगठी घातली, तर कार्यक्रमाची शोभा काही कमी होत नाही.

सोन्याची अंगठी आधीच आली असेल तर

आहेर परत करून समोरच्याचा अपमान करू नये. हजरत आएशा सांगतात की नजाशीकडून (अ‍ॅबिसिनियाच्या राजाकडून) आलेल्या भेटीत हबशी खड्याची सोन्याची अंगठी होती. प्रेषितांनी ती स्वतः न घालता आपली नात उमामा हिला दिली. तसेच भेट स्वीकारावी आणि पत्नीला, बहिणीला किंवा मुलीला द्यावी. देणाऱ्या मित्राला नंतर निवांतपणे कारण सांगावे. बहुतेक लोक ते समजून घेतात.

अंगठी मोडून चांदीची घ्यायची असेल, तर व्यवहार उधारीवर ठेवू नये. हजरत उबादा यांच्या हदीसनुसार सोन्याच्या बदल्यात चांदी घेताना वजन कमी-जास्त चालते, पण देवाणघेवाण हातोहात झाली पाहिजे. ‘सोने आज ठेवा, चांदीची अंगठी आठ दिवसांनी घेऊन जा’ असे सराफाने म्हटले, तर सरळ मार्ग असा की सोने विकून त्याचे पैसे आधी हातात किंवा खात्यात घ्यावेत आणि अंगठीची खरेदी वेगळ्या बिलाने करावी. पैसे घेण्यापूर्वी खडा काढून निव्वळ सोन्याचे वजन आपल्यासमोर करायला सांगावे.

आणि ती अंगठी तशीच कपाटात ठेवली, तर जकातीच्या (संपत्तीवरील अनिवार्य दानाच्या) हिशेबात ती धरावी. हनफी मतानुसार सोन्याचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम आहे. सोने, चांदी आणि रोकड एकत्र मोजताना मिळून होणारी किंमत बहुधा चांदीच्या निसाबाशी ताडून पाहिली जाते आणि वर्ष पुरे झाल्यावर अडीच टक्के जकात निघते. हा हिशेब रमजानच्या आधीच वहीत लिहून मोहल्ल्यातील मुफ्तींना दाखवावा, म्हणजे शेवटच्या दहा दिवसांत घाई होत नाही.